महिन्याला शंभर लिटर

पत्र:

ताई, नमस्कार. वय ४४, राहायला नाशिकमध्ये आनंदवल्लीला. अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागाचा मॅनेजर आहे. २०२३ च्या दसऱ्याला सात सीटर एसयूव्ही घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक. निफाडकडच्या आमच्या गावात गाडी पहिल्यांदा वळली तेव्हा वडिलांनी पारावरच्या चार जणांना हाक मारून बोलावलं. आता तीच गाडी पंपाकडे वळवताना पोटात गोळा येतो. शहरात आठचं ॲव्हरेज, गावाला जाताना अकराचं. सुरुवातीला शहरात नऊ-साडेनऊ मिळायचे. महिन्याला साडेदहा-अकरा हजारांचं पेट्रोल लागतं. हप्ता २२,५००, आणि विमा-सर्व्हिसिंग महिन्यावर वाटलं तर आणखी चारेक हजार. माझ्या हातात ७८,००० येतात. बायको शाळेत शिकवते, तिचे ३०,०००. घराचं कर्ज आहे. मुलगी दहावीत आहे. जूनपासून तिचा जेईईचा क्लास, फी १,२०,०००.

बायकोला मी पेट्रोलचा आकडा सहा हजार सांगतो. वरचं क्रेडिट कार्डावर जातं. तिथे आता ३८,००० साठलेत, मी दर महिन्याला किमान रक्कम तेवढी भरतो. बायको म्हणते, विकून टाका. साडू म्हणतो, पेट्रोल बघायचं होतं तर मोठी गाडी घेतलीच कशाला. जुन्या गाड्यांचा डीलर साडेबारा लाख देतोय, कर्ज पावणेअकरा लाख बाकी आहे. कंपनीची बस जेहान सर्कलवरून जाते, पण मॅनेजर झाल्यापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, मी तिने गेलेलो नाही. पेट्रोलचे भाव असेच राहिले तर मी काय करू? विकू की ठेवू?

उत्तर:

आधी भावाचं बघू, कारण तुम्ही सगळा दोष त्याच्यावर टाकला आहे. महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, राज्याने व्हॅट कमी केला, तरी भाव शंभराच्या खाली आला नाही. मार्च २०२४ मध्ये दोन रुपये उतरले. म्हणजे तुम्ही दसऱ्याला गाडीला हार घातला त्या दिवशी नाशिकचा भाव आजच्यापेक्षा एक-दोन रुपयांनी जास्तच होता. पेट्रोल महाग आहे, अगदी खरं. पण तुम्ही गाडी घेतल्यापासून ते महागलेलं नाही. वाढलेत ते लिटर, आणि कधीपासून वाढले ते तुम्हीच लिहिलंय: दीड वर्षापासून, बस सुटल्यापासून.

मी कागद घेऊन बसले. आनंदवल्ली ते अंबड जाऊन-येऊन वीस किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे ४८० किलोमीटर. आठच्या ॲव्हरेजने ६० लिटर. क्लास, भाजी, कॉलेज रोडची कामं मिळून दोनशेक किलोमीटर धरले तर २५ लिटर. निफाडकडे महिन्यातून दोन फेऱ्या, सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे १६ लिटर. एकूण १०१. भाव हिशेबाला १०५ धरला तर १०,६०० रुपये. तुमच्या आकड्याशी जुळतंय.

आता याच्याकडे नीट बघा. ज्या कामासाठी तुम्ही सात सीटर घेतली, आई-वडील, मुलगी, सामान, गावचा रस्ता, त्या कामाला १६ लिटर जातात. आणि एका माणसाला आणि एका डब्याला अंबडला पोचवायला ६० लिटर. उद्या भाव पाच रुपयांनी चढला तर तुमच्यावर महिन्याला पाचशे रुपयांचा बोजा येईल. पाचशे रुपये काही थोडे नाहीत. पण दहा हजारांच्या दुखण्यावर पाचशेची चर्चा करत आपण बसतो, कारण भाव दुसऱ्याच्या हातात असतो आणि लिटर आपल्या.

मोठ्या गाड्यांवर मी सरसकट टीका करणार नाही. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली ती याच नाशिकमधून बनून, आणि सातपूर-अंबडमधली कितीतरी लहान वर्कशॉपं गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतात. कदाचित तुमच्याही कारखान्याचा पगार त्यातूनच येत असेल. गाडी वाईट नाही. तिला दिलेलं काम चुकीचं आहे.

का, ते सांगते. दोन टनांच्या आसपासचं धूड दर सिग्नलला थांबवायचं आणि पुन्हा हलवायचं, यात पेट्रोल जळतं. ब्रेक दाबला की वेग मिळवायला लावलेली सगळी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. एबीबी सर्कलपासून सातपूर-अंबड लिंक रोडपर्यंत सकाळी हे किती वेळा होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एवढं इंजिन एसी लावून नुसतं उभं राहिलं तरी तासाला लिटरभर पेट्रोल पितं. रोजची वीस मिनिटं उभ्याने गेली तर महिन्याचे आठ तास, आठ लिटर. आणि मुलीला दोन किलोमीटरवरच्या दहावीच्या क्लासला सोडायला गाडी काढत असाल तर ते सगळ्यांत वाईट. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, आणि ते गरम होईतो तुम्ही पोचलेले असता. अशा फेरीला आठसुद्धा पडत नाहीत.

माझे वडील एसटीत चालक होते. डेपोत प्रत्येकाचा केपीटीएल निघायचा, दहा लिटरला किती किलोमीटर, आणि तो कमी आला की बोलावणं यायचं. वडील घरी येऊन सांगायचे, आज पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढला, गाडी आपोआप सरकत गेली. आम्हाला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. आज कळतं की इंधन वाचवायची अर्धी विद्या त्यातच होती: लांबवर नजर, ब्रेक कमीत कमी, ॲक्सिलरेटर हळू. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, टर्बो आहे. पाय दाबला की ती झेपावते, आणि झेपावण्याचं पेट्रोल वेगळं लागतं.

आठाचे दहा करणं तुम्हाला फार मोठं वाटणार नाही. पण ॲव्हरेजचा आकडा फसवा असतो. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते मोजा. आठच्या ॲव्हरेजला साडेबारा, दहाच्या ॲव्हरेजला दहा. म्हणजे अडीच लिटर वाचले. एखाद्या छोट्या गाडीने पंधरावरून वीसवर उडी मारली तर तिचे वाचतात फक्त पावणेदोन लिटर. मोठ्या गाडीत थोडीशी सुधारणासुद्धा जास्त पैसे वाचवते, आणि मोठ्या गाडीवाले लोकच ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून सोडून देतात.

नऊ-साडेनऊचे आठ का झाले, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिलंत. गाडी बिघडली असेल असं मला वाटत नाही. पूर्वी ती शनिवार-रविवार मोकळ्या रस्त्यावर धावायची, आता रोज सिग्नलला उभी असते. थोडा वाटा पेट्रोलचाही आहे. २०२३ मध्ये पंपावरच्या पेट्रोलमध्ये सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असायचं, आता वीस टक्के आहे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे या फरकाने दोन-तीन टक्के ॲव्हरेज जाऊ शकतं. नऊचे पावणेनऊ होतील, आठ नाही. टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो, आणि हवा टायर थंड असताना मोजायची असते. टपावर कॅरियर असेल तर तो आजच काढा. मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका. नेहमीच्या पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. सलग तीन टाक्या असं केलंत की खरा आकडा कळेल.

मेहकर-नागपूरकडे जायला समृद्धी लागत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नव्वदच्या जागी एकशे वीसने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो, आणि तुमची गाडी उंच, रुंद, समोरून सपाट. मर्यादा एकशे वीसची आहे म्हणून एकशे वीसनेच गेलं पाहिजे असं नाही.

आता कार्डाकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. थकलेल्या बिलावर कार्ड कंपन्या साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्के व्याज लावतात, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. ३८,००० वर हे झाले महिन्याला दीड हजारांच्या वर, म्हणजे पंधरा लिटर पेट्रोल, जे कुठल्याच टाकीत गेलं नाही. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डाने भरलेल्या पेट्रोलवर आजपासूनच व्याज चालू. किमान रक्कम भरून तुम्ही फक्त दंड टाळताय, कर्ज जवळजवळ तेवढंच राहतं. एखादी आवर्ती ठेव किंवा मुदत ठेव असेल तर ती मोडा. सहा-सात टक्क्यांची ठेव सांभाळत चाळीस टक्क्यांहून महाग कर्ज वागवण्यात काही अर्थ नाही. ठेव नसेल तर बँकेत जाऊन त्या रकमेचं साधं वैयक्तिक कर्ज घ्या आणि कार्ड शून्यावर आणा. त्यानंतर पेट्रोल रोख किंवा यूपीआयने.

पण ठेव मोडायची तर वहिनींना सांगावं लागेल. सांगाच. त्या ‘विकून टाका’ म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर सहा हजारांचा आकडा आहे. सहा हजारांवर त्या एवढ्या म्हणतात, तर खरा आकडा कळल्यावर काय म्हणतील, या भीतीने तुम्ही लपवलंत. मी समजू शकते. पण तीस हजार कमावणारी, घर आणि शाळा दोन्ही सांभाळणारी बाई चुकीच्या आकड्यावर घराचा हिशेब मांडते आहे. जूनची फी भरायची वेळ येईल तेव्हा जो खड्डा दिसेल तो तुमच्या दोघांमध्ये असेल. मुलगी झोपल्यावर कार्डाची तीन महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि ‘मी तुला खोटं सांगत होतो’ एवढं वाक्य आधी बोला. कारणं नंतर. त्या रागावतील, आणि त्यांचा राग बरोबर असेल.

आणि आता ती बस.

तुम्ही लिहिलंय की मॅनेजर झाल्यापासून बसने गेला नाहीत. का, ते लिहिलं नाहीत, पण अंबडमध्ये कोणालाही विचारलं तरी सांगेल. गेटवर कोण कशातून उतरतं ते दिसतं. व्हेंडर बघतात, हाताखालची मुलं बघतात. तुमच्या वडिलांनी द्राक्षाच्या पट्ट्यात एकेक वर्ष पावसाकडे बघत काढलं असेल. त्यांच्या मुलाला साहेब म्हणतात, याचा अर्थ त्यांनाही कळतो आणि तुम्हालाही. मी याला खोटा मोठेपणा म्हणणार नाही, कमावलेला मान आहे. पण तो मान तुम्ही रोज अडीच लिटर पेट्रोल जाळून पुन्हा सिद्ध करताय, आणि त्याची गरज नाही. तुमच्या सहीवर व्हेंडरचं बिल निघतं. तुम्ही जेहान सर्कलला बसमध्ये चढलात म्हणून त्या सहीचं वजन कमी होत नाही.

२०२४ च्या जानेवारीत टँकरचालकांनी काम थांबवलं होतं, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून गाड्या निघेनात, आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेव्हाही लोक कामावर गेलेच. कोणी बसने, कोणी शेजाऱ्याच्या मागे बसून, आणि कोणाची पत गेली नाही.

सगळे दिवस बसने जा असं मी म्हणत नाही. सिन्नरला व्हेंडरकडे जायचं असेल, उशीर होणार असेल, त्या दिवशी गाडी काढा. महिन्यातले सहा दिवस धरा. उरलेले अठरा बसने. ४५ लिटर तिथेच वाचले, पावणेपाच हजार रुपये. शहरातल्या कामांतली निम्मी वहिनींच्या स्कूटरवर करा, क्लासला मुलीला सायकल द्या किंवा चालत सोडा. हे सगळं मिळून महिन्याचं बिल पाच हजारांच्या आत येतं. आणि आता गंमत बघा. मोठी गाडी विकून चौदाचं ॲव्हरेज देणारी छोटी गाडी घेतलीत, पण सवयी आजच्याच ठेवल्यात, तर पेट्रोल लागेल सहा हजारांच्या वर. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी गाडी बदलण्यापेक्षा गाडी घरी ठेवणं स्वस्त.

सीएनजी किट बसवावं का, असं कोणीतरी सुचवेलच. तुमच्या टर्बो इंजिनाला बाहेरून किट बसवू नका. वॉरंटी जाईल, मागची डिकी टाकीने भरेल, आणि पंपावर रांग लावावी लागेल ती वेगळी.

मग विकायची का? पेट्रोलसाठी नाही. हप्त्यासाठी कदाचित. तुमच्या घरात दोघांचे मिळून १,०८,००० येतात आणि गाडीवर ३७,००० जातात, तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पेट्रोल निम्मं झालं तरी एकतीस-बत्तीस हजार जातीलच, कारण हप्ता हलत नाही. डीलरचा भाव कमी वाटतोय, त्याला कारण आहे. तुम्ही गाडी घेतली तेव्हा अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एकूण ४० टक्के झाला, नवी गाडी स्वस्त झाली, आणि जुनीचा भावही तिच्यामागे उतरला. ते नुकसान झालं, ते आता विकलंत किंवा नाही विकलंत तरी झालेलंच आहे. ‘वीस लाखांची गाडी साडेबाराला कशी देऊ’ हा विचार मनातून काढा. प्रश्न एवढाच, की आज हातात साडेबारा लाख रोख असते तर तुम्ही त्यांची ही गाडी घेतली असती का?

माझं मत स्पष्ट सांगते. आत्ता विकू नका. अपराधी वाटत असताना माणूस पहिल्या डीलरला गाडी देऊन मोकळा होतो. कार्ड फेडा, बस धरा, आणि मार्चअखेरपर्यंत बघा. दर महिन्याला वाचलेले पैसे, पेट्रोलचे आणि कार्डाच्या व्याजाचे मिळून सातेक हजार, वहिनींच्या खात्यात वेगळे टाका. जूनपर्यंत त्यातून जवळजवळ निम्मी फी उभी राहते. उरलेली निम्मी तुमच्या बचतीतून निघत असेल तर गाडी ठेवा, निश्चिंत मनाने. पण फीसाठी नवं कर्ज काढायची वेळ आली तर त्या दिवशी गाडी विका, आणि साडू काय म्हणेल याचा विचार करू नका. त्या वेळी बँकेकडून कर्ज बंद करण्याची नेमकी रक्कम आणि शुल्क लेखी मागवा, तीन ठिकाणी भाव काढा, आणि बँकेचा बोजा उतरल्याची व नाव बदलल्याची नोंद पेठ रोडच्या आरटीओत झाल्याशिवाय ते प्रकरण संपलं असं समजू नका.

या शनिवारी निफाडला मात्र जा, आणि गाडी घेऊनच जा. ती त्याचसाठी घेतली होती. तुमच्या आईंचं वय लक्षात घेता एवढ्या उंच गाडीत चढणं त्यांना जड जात असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. डिकीत एक छोटं लाकडी पाटासारखं स्टूल ठेवा, त्यांना पुढे बसवा, आणि चांदोरीपर्यंत सावकाश चालवत जा. वडील पुन्हा पारावर हाक मारतील. मारू द्या.